पहिले औषध निष्फळ का ठरते?

घरात पाहुणे उतरलेले असतात. सून रात्री तांदळाच्या डब्यामागे लपवलेली गोळी घ्यायला जाते, तर स्वयंपाकघरात नणंद बसलेली. त्या रात्री गोळी राहते. दुसऱ्या रात्रीही राहते. एचआयव्हीवरचा पहिला उपचार फसण्याची सुरुवात पुष्कळदा अशा साध्या अडचणीतून होते.

आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात. या औषधांनी विषाणू कायमचा नष्ट होत नाही. त्याची वाढ रोखली जाते. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू पुन्हा वाढू लागतो, वाढताना रूप बदलतो आणि मग त्याच औषधाला दाद देईनासा होतो.

गोळ्या चुकण्याची कारणे अनेक आहेत. बरे वाटू लागले म्हणून औषध सोडणे, प्रवासात गोळ्या संपणे, दारूचे व्यसन, मनाची उदासी आणि 'कुणाला कळले तर?' ही भीती. उपचार फार उशिरा, प्रतिकारशक्ती खालावल्यावर सुरू झाला तरी धोका वाढतो. पूर्वी कधी ही औषधे घेतली असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

इतर औषधांकडेही लक्ष हवे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्राविरचा असर कमी होतो. म्हणून डॉक्टर त्याची एक जादा मात्रा देतात. ॲसिडिटीचे पातळ औषध, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर केंद्रात जरूर सांगा. ॲसिडिटीचे औषध एचआयव्हीच्या गोळीनंतर किमान 2 तासांनी घ्यावे.

औषध लागू पडते आहे का, हे वजनावरून किंवा चेहऱ्यावरून समजत नाही. त्यासाठी व्हायरल लोड तपासणी असते. एका मिलिलिटर रक्तात विषाणूची संख्या 1000 किंवा त्याहून अधिक आली तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशन करून गोळ्या नियमित केल्या जातात आणि तपासणी पुन्हा होते. म्हणून चुकलेल्या गोळ्यांबद्दल खरे सांगण्यातच रुग्णाचे हित आहे.

रमजानमध्ये काही जण मनानेच औषध थांबवतात. दिवसातून एकच गोळी असेल तर ती रोज इफ्तारनंतर ठरलेल्या वेळी घेता येते; वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्याला रोजा झेपत नाही त्या आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

आता घरच्यांविषयी. आजार कसा जडला याची चौकशी करणे आपले काम नाही. एकत्र जेवल्याने, एका घरात राहिल्याने एचआयव्ही पसरत नाही. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर पती-पत्नीच्या संबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. ती चारचौघांत बोलणे म्हणजे गीबत. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानेही रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

त्या सुनेला तांदळाच्या डब्याची गरज पडू नये. घरातल्या एका जरी माणसाने रात्री हळूच विचारले, "गोळी घेतलीस ना, बेटी?" तरी तिचा उपचार टिकायला मोठा आधार होईल.