हिरवे गोळे आणि आलेख

समीकरणावरून आलेख आपण काढतो. पण विद्यार्थी मित्रहो, आलेख कोठून न्यायचा ते ठरवून समीकरण शोधता येईल का?

१९८० च्या सुमारास अमेरिकेत शॅरन डगडेल व डेव्हिड किबी यांनी यासाठी ‘ग्रीन ग्लॉब्ज’ हा संगणकावरील खेळ रचला. पडद्यावर अक्षांभोवती १३ हिरवे गोळे विखुरलेले असतात. आपण समीकरण द्यायचे. त्याचा आलेख ज्या गोळ्यांतून जाईल ते फुटतात. एका आलेखाने फुटलेल्या पहिल्या गोळ्यास १ गुण, दुसऱ्यास २, तिसऱ्यास ४.

समजा, तीन गोळे (०, १), (२, ५) व (–२, ५) येथे आहेत. य = २क्ष + १ ही रेषा दोनच फोडते; गुण ३. य = क्ष² + १ हा अन्वस्त वक्र तिन्ही फोडतो; गुण ७!

नेम चुकला, तर वक्र कोठून गेला ते समोरच दिसते. मग कोणता अंक बदलावा, हे आपले आपल्यालाच उमगते. आलेख-कागदावरही खेळून पाहा!