उलटी दोरी आणि दुखावलेले मनगट

पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या ठिकाणी बचावाच्या होड्या बाहेर निघतात. होडी फुगवून पाहिली जाते, लाइफ जॅकेट मोजली जातात आणि मग मोटरची दोरी ओढली जाते. मोटर जुनी असेल, वर्षभर कोपऱ्यात पडून असेल, तर पहिल्या ओढीला ती क्वचितच बोलते. तिसऱ्या-चौथ्या ओढीला मात्र कधी कधी वेगळेच घडते. ‘फट्’ असा आवाज होतो, दोरी हातातून उलटी आत खेचली जाते आणि माणूस मनगट धरून खाली बसतो. दोन मिनिटांनी तोच माणूस दुसऱ्या हाताने पुन्हा दोरी धरतो.

मोटर पाण्याअभावी नव्हे, टायमिंग चुकल्यामुळे लाथ मारते आहे, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. ‘जोर कमी पडला’ असे म्हणून आणखी दणकट माणसाला पुढे केले जाते. गोदाकाठी ही गोष्ट किरकोळ नाही. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे नाथसागर पसरला. धरणातून मोठा विसर्ग सुटला की खालच्या गावांना होडीची गरज पडते. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी पैठण शहरात शिरले, ते तिथल्या लोकांच्या चांगले लक्षात आहे. अशा दिवशी चालकाचे मनगट निकामी झाले, तर होडी असून नसल्यासारखी.

हा झटका नवा नाही. जुन्या बुलेटची उलटी किक ज्याने नडगीवर घेतली आहे त्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. त्याही आधी मोटारी पुढून हँडल फिरवून सुरू होत. इंजिनाने उलटा फटका दिला की ते हँडल चालकाच्या मनगटावर आदळे आणि अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडाचे टोक तुटे. ही इजा इतक्या चालकांना झाली की अस्थिरोगाच्या पुस्तकांत तिला ‘शोफर फ्रॅक्चर’ हे नावच पडले. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडलची सद्दी संपू लागली. होडीच्या लहान मोटरींना मात्र दोरी अजून आहे.

उलटा फटका का बसतो? सिलिंडरमध्ये ठिणगी पडताच पेट्रोलचे मिश्रण एकदम जळून जात नाही, ज्वाला पसरायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी द्यावी लागते. मोटर मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर एक फेरा १२ मिलिसेकंदांत संपतो. तिथे २० अंश आधी ठिणगी पडणे म्हणजे जेमतेम पाऊण मिलिसेकंदाचा अवधी, आणि तेवढा लागतोच. पण दोरी ओढताना चाक मिनिटाला समजा ३०० फेऱ्यांनी फिरते. तेव्हा तेच २० अंश म्हणजे ११ मिलिसेकंद. तेवढ्यात ज्वाला पूर्ण पसरते, दाब वाढतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला मागे ढकलतो. चाक उलटे फिरते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला हात असतो.

म्हणून बहुतेक जुन्या मोटरींत थ्रॉटलची मूठ फिरवली की आतली पॉइंटची प्लेटही फिरते आणि टायमिंग पुढे-मागे होते. मुठीवर ‘स्टार्ट’ची खूण असते ती यासाठीच. ‘चालू होत नाही’ म्हणून मूठ पूर्ण फिरवून दोरी ओढणे म्हणजे ठिणगी मुद्दाम लवकर पाडणे आहे. सगळ्यात आधी हे पाहावे, कारण याला पान्हासुद्धा लागत नाही.

त्यानंतर प्लगच्या वायरी. दोन सिलिंडरच्या मोटरीत त्यांची अदलाबदल झाली की ठिणगी भलत्याच वेळी पडते, आणि गेल्या वर्षी कुणीतरी घाईत प्लग बदलला असेल तर ही चूक सहज होते. मग झाकण काढून फ्लायव्हील पाहावे. ते आणि क्रँक यांना जोडणारी छोटी चावी मऊ धातूची असते. पंखा दगडावर आदळला किंवा वरचा नट सैल राहिला की ती अर्धवट कातरते आणि चाक किंचित सरकते. चुंबक आणि पॉइंट यांचा मेळ सुटतो. गंमत अशी की टायमिंगची खूणही त्याच चाकावर असते, म्हणून टायमिंग लाइट लावला तरी ती खोटीच साक्ष देते. चावी बघितल्याशिवाय लाइटवर विश्वास ठेवू नये.

शेवटी पॉइंटचे अंतर. जुन्या अनेक जॉन्सन आणि एविनरूड मोटरींत ते ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात. आपल्या मोटरीचा आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. अंतर जास्त ठेवले तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग ॲडव्हान्स होते, पॉइंटचा टेकू झिजून अंतर कमी झाले तर टायमिंग मागे पडते. उशिराची ठिणगी हाताला लाथ मारत नाही, पण मोटर दमल्यासारखी चालते आणि तापते. भर प्रवाहात माणसे बसवलेली असताना तेही परवडणारे नाही. अंदाजाने ‘थोडे उघडून’ बसवणारे हात बरेच आहेत, त्यापेक्षा फिलर गेज स्वस्त. शहरात जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या मॅग्नेटोवर हात बसलेले मेकॅनिक अजून सापडतात. तत्त्व तेच असल्याने हे काम त्यांना अवघड नाही.

हे सगळे करताना आधी प्लगच्या वायरी काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे चाक हाताने फिरवताना मोटर अवचित पेटणार नाही. टायमिंग लाइटने तपासताना मोटर चालू लागते. तेव्हा ती पाण्याच्या पिंपात आणि उघड्यावर असावी, पंखा काढलेला असावा, गळ्यातला गमछा आणि बाह्यांची टोके दूर असावीत. बंद शेडमध्ये धूर साठतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, आणि लोक ते उन्हावर घालतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवते, त्यावर विसंबू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू मॅग्नेटोवर वाकू नये, निदान हातभर लांब राहावे.

आता हाताचे. दोरीची मूठ धरावी, दोरी बोटांना किंवा तळहाताला कधीही गुंडाळू नये. गुंडाळलेली दोरी उलट ओढली गेली तर बोटच सोबत जाऊ शकते. आधी हळूच ओढून दाब जाणवला की मग जोराने ओढावी. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे.

फटका बसलाच तर सूज चढण्याआधी हे दागिने उतरवावेत, मनगट पुठ्ठा किंवा पट्टीच्या आधाराने स्थिर करावे, हात उंच धरावा. चोळू नये, ओढून बसवून घेऊ नये. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी खळगा दिसतो. तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हाडाची शंका घ्यावी लागते. या हाडाचे ग्रीक नावच ‘नावेसारखे’ या अर्थाचे आहे. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचे दुखते. त्याची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून सुटका झाली असे समजू नये. दुखत राहिले तर पट्टी तशीच ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, तोवर त्या हाताने दोरी ओढायची नाही.

आणि अपघात विभागात ‘हात मुरगळला’ एवढेच सांगू नये. ‘मोटरची दोरी उलटी ओढली गेली’ असे सांगावे, म्हणजे तपासणारा त्या खळग्यावर अंगठा ठेवून पाहील.