एका विश्वचषक सामन्याची आठवण व तिचे पाठभेद (नागपूर, इ. स. १९८७)

नळदुर्ग येथील एका जुन्या घरांतून आलेले मोडी कागद गेल्या पावसाळ्यानंतर मी लावीत होतों. कसर लागूं नये म्हणून माझ्या स्वतःच्या वह्याहि त्याच वेळीं उन्हांत घातल्या. त्यांत शाळेच्या हजेरीपटाचा एक पाठकोरा ताव दुमडलेला सांपडला. त्यावर ३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार, शके १९०९, कार्तिक मास असें लिहिलें होतें. नागपूर येथें भारत व न्यूझीलंड यांमध्यें झालेल्या विश्वचषक सामन्याचें आकाशवाणीवरील वर्णन ऐकत ऐकत मींच केलेलें तें टांचण होय. क्रीडेचा विषय या पानांस अपरिचित आहे हें मी जाणतों. परंतु या तावानें मला खोटें पाडलें; तें कसें, हें साधनांची पारख करणाऱ्या वाचकांस सांगण्याजोगें वाटतें.

विश्वचषकाच्या पहिल्या तीन स्पर्धा इंग्लंडांतच झाल्या. चौथी प्रथमच त्या देशाबाहेर, भारत व पाकिस्तान यांत मिळून भरली, आणि डावाचीं षटकें ६० वरून ५० झालीं. आमच्या प्रांतांत नागपूर, पुणें व मुंबई या तिन्ही ठिकाणीं सामने झाले. नागपुरास त्या दिवशीं नुसता जय पुरेसा नव्हता. गटांत ऑस्ट्रेलियाच्या पुढें जावयाचें तर सुमारें ४२ षटकांत सर्व धांवा काढणें अवश्य होतें. तसें झालें तर उपांत्य सामना मुंबईस, न झालें तर लाहोरास पाकिस्तानशीं. एका सामन्यानें दुसऱ्याचें गांव ठरावयाचें होतें.

हा सामना मी तीस वर्षें मुलांस असा सांगत आलों: चेतन शर्मानें लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडविले व न्यूझीलंडचा डाव तेथेंच आटोपला, मग सुनील गावसकरानें शतक काढलें आणि त्या शतकानिशींच एकदिवसीय खेळाचा निरोप घेतला. हें ऐकतांना मागच्या बांकावरचीं मुलेंहि गप्प बसत. यांतील दोन्ही शेवट खोटे आहेत.

टांचणांत रदरफोर्ड, स्मिथ व चॅटफील्ड हीं नांवें एकाखालीं एक आहेत. पुढें ‘८ बाद १८२’ असा आंकडा, आणि त्याखालीं धांवांच्या आणखी रेघा आहेत. डाव ५० षटकें पुरीं होऊन ९ बाद २२१ वर थांबला. म्हणजे त्या तीन चेंडूंनंतरहि ३९ धांवा झाल्या, आणि त्या मीं स्वतःच्या हातानें मोजल्या होत्या! भारताच्या डावाचीं अक्षरें घाईचीं आहेत. श्रीकांत ७५, गावसकर नाबाद १०३, अझरुद्दीन नाबाद ४१. एकूण १ बाद २२४, षटकें ३२ व वर एक चेंडू. चॅटफील्डच्या एका षटकांत गावसकरानें २ षटकार व २ चौकार मारले, तेथें पेन्सिलीचें टोंक मोडलेलें दिसतें. १०८ एकदिवसीय सामन्यांत त्याचें शतक हें एवढें एकच.

पण अखेरचा सामना तो नव्हे. अखेरचा तो ५ नोव्हेंबरचा, वानखेडे मैदानावरील उपांत्य सामना, जो नागपूरच्या जयामुळेंच मुंबईस आला होता. गूच यानें गुडघा टेकून, बॅट आडवी फिरवीत, मणिंदर व शास्त्री यांची फिरकी बोथट केली व ११५ धांवा काढल्या. इंग्लंड ६ बाद २५४, भारत सर्व बाद २१९. गावसकर ४ धांवांवर डीफ्रीटसच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाला.

पोथीची नक्कल करणारा लेखक एक शब्द उतरवून पुन्हां मूळ प्रतीकडे पाहतो. तोच शब्द चार ओळी खालींहि असला तर नजर तेथें बसते आणि मधला मजकूर गळतो. माझी गत तीच झाली. गावसकराचें नांव दोन्ही सामन्यांत. नजर एकावरून दुसऱ्यावर गेली, व मधले पांच दिवस आणि मुंबईचा पराभव गळाला. गळावयास सोईचाहि तोच होता, हें कबूल केलें पाहिजे. डाव आटोपल्याची गोष्ट मात्र गळती नसून उघड प्रक्षेप आहे. तीन त्रिफळे उडाल्यावर नवव्या जोडीच्या ३९ धांवा सांगत बसणें कोणत्याहि कथेकऱ्याच्या जिवावरच येतें.

मला खरी चिंता आहे ती माझ्या दुसऱ्या वह्यांची. येथील किल्ल्याविषयीं वृद्धांच्या तोंडून ऐकलेलें मीं त्यांत उतरून घेतलें आहे. नळराजाची कथा कोणी इतिहास म्हणून घेत नाहीं. बोरी नदीवरील बांध व पाणीमहाल इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींतले, हें शिलालेखावरून कळतें. परंतु १९४८ च्या सप्टेंबरांत भारतीय सैन्य नळदुर्गांत आलें, त्या दिवसाच्या माझ्या वहींतील हकीकती केवळ तोंडच्या आहेत. सांगणारे प्रामाणिक होते. वर्गांत मीहि प्रामाणिकच होतों. त्यांपैकीं आज कोणी हयात नाहीं, म्हणून पुन्हां विचारण्याची सोय उरली नाहीं. त्या हकीकती छापावयास देण्याचें मीं ठरविलें होतें. तूर्त तें थांबविलें आहे. प्रत्येकीपुढें ती घटनेनंतर किती वर्षांनीं सांगितली व सांगणारानें पूर्वीं ती वारंवार सांगितलेली होती काय, हें आठवेल तेवढें लिहून मगच त्या पाठवीन. हें आठवणेंहि माझेंच, ही अडचण आहेच.

वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं नागपूरच्या त्या सामन्याचें तिकीट, धांवपत्रक अथवा त्याच दिवशीं लिहिलेलें एखादें पत्र असल्यास त्याची नक्कल संपादकांकडे धाडण्याची कृपा करावी. मागाहून लिहिलेल्या आठवणी कृपया धाडूं नयेत.