वादळाची सूचना आणि आपला उंबरठा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र जमतो, ते भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला की प्रथम एकच प्रश्न विचारीत : "आपण कोठे उभे आहोत, ते दाखवा." आजच्या विषयाचा आरंभ मी त्याच प्रश्नाने करतो.

चक्रीवादळ म्हटले की डोळ्यांपुढे समुद्रकिनारा, होड्या आणि वाकलेले माड येतात. पर्वत पाटियाला समुद्र दिसत नाही. डुमसचा किनारा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे येऊन यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या कुटुंबाला वादळ ही बंदरावरच्या माणसांची काळजी वाटावी, यात नवल नाही. परंतु ही समजूत अपुरी आहे.

वादळ कसे घडते?

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर गेले की त्यावरील बाष्पयुक्त हवा वेगाने वर चढू लागते. खाली कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ती पोकळी भरून काढण्यास चहूकडून वारे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते सरळ न जाता वळतात. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की भारतीय हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. अटलांटिकमध्ये जे हरिकेन आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये जे टायफून, तेच हे. अरबी समुद्रात त्याचे ऋतू दोन : पावसाळ्यापूर्वीचे मे-जून आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर.

येथे एक साधे गणित लक्षात ठेवावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. साठाच्या वाऱ्यात नुसता खडखडणारा पत्रा एकशेवीसच्या वाऱ्यात सुरीसारखा उडतो. दुसरी गोष्ट वादळाच्या 'डोळ्या'ची. तो डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही निवळते आणि माणसे बाहेर येतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने परततो. ती शांतता विसाव्याची नव्हे, हे मुलांनाही सांगून ठेवले पाहिजे.

आपल्या दाराशी काय येते?

१७ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' हे अतितीव्र चक्रीवादळ दीव आणि उना यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. त्याआधी गुजरातेत दोन लाखांहून अधिक माणसे हलविण्यात आली होती. वादळाचा केंद्रबिंदू सुरतेपासून दूर होता. तरीही येथे झाडे उन्मळली आणि पत्रे उडाले. त्या वादळात राज्यात जे बळी गेले, त्यांतील पुष्कळजण लाटेने नव्हे, तर भिंती व घरे अंगावर कोसळून गेले. म्हणजे किनाऱ्यापासून आत राहणाऱ्याचा पहिला शत्रू समुद्र नसून स्वतःचेच कच्चे छप्पर आणि शेजारची ओली भिंत होय.

दुसरा शत्रू पाणी. पर्वत पाटियाच्या अंगाने खाडी वाहते. अतिवृष्टीने ही खाडी उतू जाऊन ऑगस्ट २०२० मध्ये आणि जुलै २०२४ मध्ये या भागात पाणी भरले, हे आपण पाहिले आहे. ती वादळे नव्हती, नुसता पाऊस होता. खंभातच्या आखातातील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. वादळाने समुद्र फुगला, त्यात भरतीची वेळ साधली आणि त्याच वेळी वर पाऊस कोसळला, तर खाडीचे पाणी उतरण्यास वाट उरत नाही. समुद्र आपल्याला दिसत नसला, तरी तो आपले पाणी अडवू शकतो.

सूचनेचे चार टप्पे

हवामान खात्याची सूचना टप्प्याटप्प्याने येते : सुमारे ७२ तास आधी प्रशासनासाठी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल. या तासांना घरातील कामे वाटून दिली, तर घाबरण्यास वेळच उरत नाही.

पिवळ्या इशाऱ्यास गच्चीवरचे सुटे पत्रे, बांबू व कुंड्या खाली उतरवाव्यात. पत्र्याचे छप्पर तारेने बांधावे, त्यावर वाळूच्या गोण्या ठेवाव्यात. वारा सुटल्यावर छपरावर कोणीही चढू नये. नारिंगी इशाऱ्यास पिण्याचे पाणी, कोरडा शिधा, विजेरी, आठवड्याची औषधे जमवावीत, भ्रमणध्वनी पूर्ण भारित करावा. रेशनकार्ड, आधारपत्र, बँकेचे पुस्तक व मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. कारखान्यात कापडाचे तागे माळ्यावर चढवावेत. लाल इशाऱ्यास मुख्य खटका बंद करावा आणि सखल भागातील माणसांनी पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

माणूस घर का सोडीत नाही?

एवढे सारे ठाऊक असूनही माणसे जागची हलत नाहीत. त्यांना अडाणी म्हणणे सोपे. पण कारणे ऐकली की तसे म्हणवत नाही.

आपल्या वस्त्यांतून अनेक स्त्रिया घरी साड्यांना लेस व टिकल्या लावण्याचे काम करतात. तो माल व्यापाऱ्याचा असतो. भिजला, तर भरपाई तिच्या मजुरीतून जाते. तिला "घर सोडा" म्हणण्यापूर्वी तो गठ्ठा कोठे ठेवायचा, हे सांगावे लागेल. कोणाच्या घरी अंथरुणास खिळलेली सासू असते, कोणाच्या दारी शेळी. कोणाला सूचनेची भाषाच नीट कळत नाही. ती गुजरातीत येते आणि ऐकणारा अहिराणी किंवा उडिया बोलणारा असतो.

आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वाया गेलेली तयारी. जून २०१९ मध्ये 'वायू' वादळासाठी सौराष्ट्रात लाखो माणसे हलविली आणि वादळ किनाऱ्याजवळून वळले. जून २०२० मध्ये 'निसर्ग'साठी सुरत, नवसारी, वलसाड जिल्ह्यांच्या किनारी गावांतील लोक हलविले. ते ३ जूनला रायगडात अलिबागच्या दक्षिणेस धडकले. मग "उगाच धावपळ केली" असे बोल उठतात. पण जे आपल्यावरून टळले, ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागांवर पडले, हे आपण विसरतो. टळलेल्या वादळाची तयारी हा तोटा नसून तालीम आहे.

वाटेत सापडलेल्यांस आधार

आपल्या शेजारच्या मागावर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा कारागीर उभा असतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलीन' वादळ त्याच्याच जिल्ह्यात, गोपाळपूरजवळ आले. माझ्या ओळखीचा एक कारागीर त्या रात्री कारखान्याच्या पायरीवर बसून राहिला होता. गावचा दूरध्वनी लागत नव्हता. परंतु त्याला एक गोष्ट ठाऊक होती : आई गावच्या वादळनिवाऱ्यात गेली आहे. तेवढ्या आधारावर त्याने रात्र काढली. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकू आला.

त्या निवाऱ्यामागे मोठा इतिहास आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले. त्यांतील अनेकांत एरवी शाळा भरते. गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. फायलीनच्या वेळी सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली आणि मृत्यूंची संख्या काही दशकांवर राहिली. वारा दोन्ही वेळी भयंकर होता. बदलली ती सूचना आणि उंबरठा यांमधील वाट.

म्हणून मदतीची पहिली रीत वादळापूर्वीची आहे : परमुलखातील सहकाऱ्याला विचारावे, घरी कोण आहे, त्यांना निवाऱ्यापर्यंत कोण नेईल? मालकाने उचल द्यावी, रजा द्यावी आणि परत येईपर्यंत त्याचा माग राखावा. वादळानंतर जुन्या कपड्यांचे ढीग पाठवू नयेत. 'निसर्ग'नंतर कोकणात मृगाचा पाऊस तोंडावर होता. लोकांना हवे होते पत्रे, कौले, ताडपत्री आणि ती बसवणारे हात. अनेक गावांत वीज परतण्यास कित्येक आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात सारेच धावतात. तिसऱ्या आठवड्यात जो विचारपूस करतो, तोच खरा आप्त. पोफळीची बाग पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात, हे त्याला ठाऊक असते.

श्रोतेहो, आकाशातील उपग्रह वादळाची वाट दाखवितो. आपल्या गल्लीतील शेवटच्या खोलीची वाट त्याला दिसत नाही. ती आपल्याला ठाऊक आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मे महिना लागण्यापूर्वी आपापल्या गल्लीची एक यादी करावी : एकटे वृद्ध, गरोदर स्त्रिया, पत्र्याची घरे, दुसऱ्या भाषेची कुटुंबे. प्रत्येक नावापुढे ज्याने हाक मारायला जायचे, त्याचे नाव लिहावे. एका वहीचे हे काम आहे.

"आपण कोठे उभे आहोत, ते दाखवा," असे गुरुजी म्हणत. त्या प्रश्नाचे उत्तर देताना बोट केवळ नकाशावर न ठेवता शेजाऱ्याच्या दारावर ठेवता आले, तर त्यांचा भूगोल आपण शिकलो, असे म्हणता येईल.