एका रोपाची नदी

तुकाराम बीजेच्या दिवसांत देहूच्या घाटावर उभं राहिलं, की पुष्कळदा इंद्रायणी दिसतच नाही. दिसतं ते हिरवंगार रान, मधूनमधून फिकट जांभळे तुरे. जलपर्णी! आपण नाक मुरडून पुढे जातो. आज तसं करू नका. शेवटच्या पायरीवर बसा आणि एक रोप उचला.

देठ फुगीर लागतो ना? नखानं चिरून पाहा. आत चक्क स्पंज, हवेनं भरलेल्या असंख्य बारीक खोल्या! पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचे, आठवतं? या रोपानं तो भोपळा स्वतःच्या देठातच वाढवलाय. खाली पिसांसारखी काळपट मुळं, मातीचा आधार न घेता लोंबणारी.

आता शेजारचं रोप ओढा. अरे, पहिलंही हललं! दोघांना पाण्यातून जोडणारी एक आडवी फांदी आहे. आईनं लेक वाढवली, पण नाळ तोडलीच नाही. त्या लेकीला पुन्हा लेक. ऊन आणि खाद्य भरपूर असलं, तर दोनेक आठवड्यांत संख्या दुप्पट. छोटी गोष्ट वाटते? दिवाळीत एक रोप धरा. वीस आठवड्यांनी, म्हणजे बीजेच्या सुमारास, हजाराच्या वर!

हिचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं. फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या डोळ्यासारखा निळा-पिवळा ठिपका असतो. त्याला भुलून माणसांनीच एकोणिसाव्या शतकात ती देशोदेशीच्या बागांतल्या तळ्यांत नेली. शतक संपता संपता ती बंगालमध्ये होती.

आणि मग २०१० साली कळलेली गोष्ट. शास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या जलपर्णीची जनुकं ताडून पाहिली. माहेराबाहेर बहुतेक ठिकाणी काय सापडावं? एकच रोप! एकासारखी एक नव्हे. एकाच रोपाचे तुटत-वाढत गेलेले तुकडे. तुमच्या हातातली जलपर्णी आणि समुद्रापलीकडच्या एखाद्या तळ्यातली जलपर्णी मुळात एकच असण्याची शक्यता केवढी मोठी!

फूल कोमेजलं की त्याचा दांडा वाकतो आणि बी पाण्यात सोडतो. तळच्या गाळात ते पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. पावसाळ्यात लोंढा सगळं रान उचलतो, तुळापूरला भीमेत घालतो, पुढे उजनीकडे. घाट मोकळा होतो. मग पुन्हा कुठून येते? काठाच्या आडोशाला राहिलेल्या चार रोपांतून, गाळातल्या बियांतून. आणि तिला जेवू घालतो आपण. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं पंचपक्वान्न. १९८० च्या दशकात तिची पानं कुरतडणारे सोंडकिडे भारतात मुद्दाम आणून सोडले गेले, काही ठिकाणी त्यांनी छान कामही केलं. पण जिथे ताट रोज भरलेलं, तिथे ती किड्यांपेक्षा आणि तिला उपसणाऱ्या यंत्रांपेक्षा भराभर वाढते. सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडणं थांबेपर्यंत इंद्रायणी मोकळी होणार नाही.

आणि हो, हातातलं रोप परत पाण्यात टाकू नका. दूर, कोरड्या मातीवर उन्हात टाका. कोंब असलेला एक तुकडाही तिला पुरतो.