'फक्त नाव राहू द्या' : छोट्या संस्थेच्या विश्वस्तांबद्दलचे गैरसमज

"सर, फक्त नाव राहू द्या. तुमाले काही कराचं नाही."

भंडारा जिल्ह्यात मुलांच्या वाचनासाठी एखादी छोटी संस्था उभी राहते तेव्हा हे वाक्य हमखास कानावर येतं. समाजमंदिरात पुस्तकांची पेटी ठेवायची, संध्याकाळी तासभर पोरांना वाचायला बसवायचं, एवढंच तिचं काम असतं. वाक्य म्हणणारा तरुण बहुतेक वेळा मनापासून काम करणारा असतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे त्याला किमान सात नावं लागतात. मग एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर, पतसंस्थेतले एक साहेब, महिला प्रतिनिधी म्हणून अंगणवाडीच्या ताई अशी जुळवाजुळव होते. आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि दाखवतील तिथे सही घेतली की काम झालं. पुढे वर्षानुवर्षं यातल्या चौघांना आपण कुठल्या संस्थेवर आहोत हेही आठवत नाही. लाखनी-साकोलीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकवत नाही.

वस्तुस्थिती अशी की 'नावापुरता विश्वस्त' असा प्रकार कायद्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६-अ सांगतं की विश्वस्ताने संस्थेचा कारभार, पैसा आणि मालमत्ता संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरली पाहिजे, आणि सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या गोष्टी जितक्या काळजीने सांभाळतो तितक्या काळजीने ती सांभाळली पाहिजे. हे कलम तज्ज्ञपण मागत नाही. डॉक्टरांनी हिशेबनीस व्हावं किंवा मुख्याध्यापकांनी वकील व्हावं, असंही त्यात कुठे नाही. घरच्या धानाचा चुकारा किती आला, कुठे गेला, हे माणूस जसं विचारतो तसं त्याने इथेही विचारावं, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ती फार मोठी आहे असं मला वाटत नाही.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे, "आम्ही विश्वस्त कुठे आहोत? आम्ही तर कार्यकारिणी सदस्य." ही पळवाटही बंद आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्थांकडे दोन प्रमाणपत्रं असतात. एक १८६० च्या कायद्याखालचं, आणि दुसरं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचं, ज्यावर क्रमांकाआधी 'एफ' अक्षर असतं. १९५० च्या अधिनियमाच्या व्याख्येत विश्वस्तात व्यवस्थापक येतो, आणि नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत व्यवस्थापक म्हणजे तिचं नियामक मंडळ. मालमत्ता त्या मंडळाच्या नावावर असो वा नसो, व्याख्या लागू होते. लेटरहेडवर 'सदस्य' छापल्याने जबाबदारी कमी होत नाही. "मुंबईचा कायदा, आपल्याले काय लागते" असं म्हणणारेही भेटतात. १९५० साली तो मुंबई राज्याचाच होता आणि भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे खरं. पण विदर्भाला तो १९६१ पासून लागू आहे.

सर्वात घट्ट बसलेली समजूत अशी : "आपण पैसा खाल्ला नाही, मग आपल्याला कोण विचारणार?" कलम ४१-ड वाचा. विश्वस्ताला निलंबित करण्याचे, काढून टाकण्याचे अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहेत, आणि त्यासाठी अपहारच झाला पाहिजे असं नाही. हिशेब सादर करण्यात सतत कसूर आणि कर्तव्याकडे सातत्याने दुर्लक्ष ही स्वतंत्र कारणं आहेत. अपहार झालाच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि कोऱ्या चेकवर सही करून चेकबुक सचिवाच्या हाती देणाऱ्यालाही चौकशीत उत्तरं द्यावी लागतात. "मी विश्वास ठेवला होता" हे उत्तर माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. पण विश्वस्त नेमतात ते संस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि त्याच कामाला हे उत्तर देणारा चुकलेला असतो.

"हिशेबाचं सीए बघतात" हेही त्याच माळेतलं. सीए हिशेब तपासतात, ते संस्था चालवत नाहीत. ज्याला खात्री वाटत नसेल त्याने आपल्याच संस्थेचा मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल काढून त्यातली प्रश्नांची यादी वाचावी. ती नियमांतच ठरवून दिलेली आहे. हिशेब नियमित ठेवले आहेत का? शिल्लक रोकड आणि व्हाउचरं जुळतात का? उद्दिष्टाबाहेर पैसा वापरला का? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या होत्या का? विश्वस्तांची संख्या नियमावलीत ठरल्याइतकी आहे का? सभा नियमाप्रमाणे झाल्या का? इतिवृत्ताची वही आहे का? कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? आणि शेवटाकडे, गेल्या वर्षी दाखवलेल्या चुका विश्वस्तांनी दुरुस्त केल्या का? यातल्या किती प्रश्नांची उत्तरं सीएच्या हातात आहेत, ते ज्याचं त्याने मोजावं.

त्यातला सभेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार नडतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की गाव बांधीत असतं. सभेला कोणी फिरकत नाही. मग सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षण तोंडावर आलं की इतिवृत्ताची लाल पुठ्ठ्याची वही पिशवीत घालून घरोघरी फिरवली जाते. तारीख जुलैची, "सर्वानुमते मंजूर" अगोदरच लिहिलेलं, खाली सात जागा मोकळ्या. लोक चहा पिता पिता सही करतात. न झालेल्या सभेखालची सही म्हणजे खोटी नोंद आहे, आणि उद्या त्या ठरावाने बँकेचं खातं बदललं किंवा कोणाला काही दिलं गेलं, तर ती सही तुमची आहे. उपाय अगदी साधा आहे. सभा रोवणी लागण्याआधी आणि धान घरात आल्यावर ठेवाव्यात, आणि चार माणसं जमली तर वहीत चारच नावं लिहावीत. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब झाली असं लिहावं. तशी नोंद वहीत असण्यात कमीपणा नाही.

राजीनाम्याबद्दलही असाच घोळ आहे. अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी दिली की सुटलो, असं लोकांना वाटतं. विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. कलम २२ प्रमाणे त्याचा अर्ज करायचा असतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, नकलेवर जुनीच नावं दिसतात. वारलेल्या माणसांची नावं दहा-दहा वर्षं तशीच राहिलेल्या संस्था आहेत, आणि मग देणगी द्यायला तयार असलेली कंपनी कागद पाहून परत जाते. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, आणि चेंज रिपोर्ट दाखल झाल्याचा क्रमांक मागून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. संस्था नोंदवली म्हणजे आयकर माफ होत नाही. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि देणगीदाराला सवलत देणारी ८०-जी मान्यता त्याहून वेगळी. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. संस्थेच्या नावावर कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि "पुढच्या महिन्यात टाकतो" म्हणून विश्वस्ताने संस्थेतून स्वतःसाठी उसने घेणं सरळ निषिद्ध आहे. अमेरिकेतल्या पुतण्याने पाठवलेला पैसा तो भारतीय नागरिक असेल आणि रक्कम नेहमीच्या बँक मार्गाने आली असेल तर परकीय योगदान ठरत नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतं, मग ओसीआय कार्ड असलं तरी, आणि परकीय योगदानाबद्दलच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. "आपली संस्था केवढीशी, सगळे ओळखीचे, आपल्याकडे काय होणार?" मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत हे वाक्य धोक्याचं आहे. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या किंवा तशी शंका असलेल्या प्रत्येक माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. "संस्थेची बदनामी होईल, घरातल्या घरात मिटवू" हा पर्याय विश्वस्तांकडे नाही. वर्ग घेणारा स्वयंसेवक कोण, त्याला कोणी ओळखतं का, तो मुलांबरोबर बंद खोलीत एकटा असतो का, मुलींनी तक्रार कोणाकडे करायची, हे पुस्तकखरेदीच्या आधी ठरलं पाहिजे. याला पैसा लागत नाही.

आता ज्यासाठी संस्था काढली त्या वाचनाकडे येऊ. विश्वस्तांसमोर अहवाल येतो तो बहुधा असा : इतकी पुस्तकं वाटली, इतकी मुलं आली, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. "आपला जिल्हा तर साक्षर आहे" अशी पुस्तीही कोणी जोडतं. २०११ च्या जनगणनेत भंडाऱ्याचं साक्षरतेचं प्रमाण ८३.७६ टक्के होतं, राज्याच्या ८२.३४ टक्क्यांहून थोडं जास्त. पण जनगणनेत सात वर्षांवरच्या माणसाला वाचता-लिहिता येतं का हे घरच्यांना विचारतात, त्याच्यापुढे मजकूर ठेवून पाहत नाहीत. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारं 'असर' सर्वेक्षण ते पाहतं. त्यात मुलाच्या घरी जाऊन त्याला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या 'असर'मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये तर १६.३ टक्केच होते.

"इथली पोरं झाडीबोली बोलतात म्हणून वाचनात मागे पडतात" हेही मी सुशिक्षित विश्वस्तांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्याचा मला राग येतो. मूल वाचायला शिकतं ते त्याला अवगत असलेल्या भाषेच्या आधाराने. घरची बोली हेच त्याचं भांडवल आहे. तिला अशुद्ध म्हणून तोंड बंद केलं तर पुस्तकातल्या भाषेपर्यंत जायचा रस्ताच तुटतो.

तेव्हा विश्वस्ताने विचारायचा प्रश्न असा आहे : जूनमध्ये अक्षरांवर अडलेली किती मुलं डिसेंबरमध्ये परिच्छेदावर आली, आणि जी आली नाहीत ती कोणती? त्यासाठी एका ओळीत एक मूल, अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट असे चार रकाने आणि तपासणीची तारीख एवढं पत्रक पुरतं. आपण स्वतःही वर्षातून दोनदा वर्गावर जाऊन बसावं आणि समोरच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला द्यावा. संस्थेकडे असं पत्रकच नसेल, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हिशेबाच्या मंजुरीनंतर पहिला विषय तोच ठेवायला सांगावं.