आधी ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करा

नाशिकमधल्या एखाद्या मोठ्या फलकासाठी फॉन्ट निवडताना ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द आधी टाइप करून पाहावा. त्र्य आणि श्व ही जोडाक्षरं, वर अनुस्वार, मात्रा. ठसठशीत अक्षराची खरी परीक्षा इथेच होते. अक्षर जाड केलं की त्याच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि लांबून नुसता काळा डाग दिसतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या गुबगुबीत ‘मोदक’ फॉन्टमध्ये ती जागा बारीक रेघेएवढीच उरते. म्हणून तो दोन-तीन शब्दांच्या शीर्षकाला शोभतो; पत्ता त्यात लिहू नये. अरुंद जागेत लांब नाव बसवायचं तर ‘तेको’ किंवा ‘खंड’ हे फॉन्ट बरे. तिन्ही मोफत मिळतात. मजकूर दोन ओळींचा असेल, तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळणार नाही एवढं अंतर सोडावं.